अहेबी राजा होती

अहेबी राजा होती. हे वाक्य लिहिताना मराठी अडखळते. ‘राणी’ लिहावं तर राणी म्हणजे आधी राजाची बायको, राज्य चालवणारी नंतर. ‘राजा होता’ लिहावं तर ती बाई. नायजेरियातल्या इग्बो भाषेला हा त्रास नाही. तिथे ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना एकच सर्वनाम चालतं, आणि ‘एझे’ म्हणजे राजा हा शब्द पुरुषालाच लावावा असं त्या शब्दात काही नाही. त्यामुळे अहेबी उग्बाबे एझे झाली हे इग्बोत सरळ सांगता येतं. तिच्या गावानेही ते बराच काळ चालवून घेतलं. तिने शिरगणती केली, तिच्या हुकमावर माणसं कामाला गेली, तिच्या दारात तंटे आले. मग एका उत्सवात तिने स्वतःच्या नावाचं सोंग बाहेर काढलं, आणि तिथे तिला अडवलं गेलं.

हे प्रकरण त्या सोंगाचं आहे. त्याच्या निमित्ताने इग्बो समाजात माणूस मोठा कसा होतो आणि त्याला मोठं कोण करतं, हे फार जवळून दिसतं.

अहेबीबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बहुतेक इतिहासकार न्वांडो अचेबे यांच्यामुळे. न्सुक्का भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडून त्यांनी आठवणी गोळा केल्या, वसाहतीच्या काळातली दप्तरं चाळली आणि २०११ मध्ये अहेबीचं चरित्र प्रसिद्ध केलं. घटना मी त्या कामातून घेतो आहे. त्यांचा जो अर्थ पुढे लावला आहे, तो चुकला असेल तर दोष माझा.

गाव कुठलं

एनुगु-एझिके. एनुगु हे नायजेरियातलं कोळशाच्या खाणींवर वाढलेलं शहर, आज त्याच नावाच्या राज्याची राजधानी. एनुगु-एझिके त्याहून वेगळं. ते राज्याच्या उत्तर टोकाला, न्सुक्काच्याही पलीकडे आहे. एक गाव म्हणण्यापेक्षा अनेक गावांचा जुडगा म्हणावा. त्यातलं उमुइडा हे अहेबीचं बापाकडचं गाव. इथे इग्बो मुलूख संपत येतो आणि उत्तरेला इगाला लोकांचा सुरू होतो. इगालांचा राजा म्हणजे अट्टा. त्याची गादी नायजर नदीकाठच्या इडाहला. उत्तरेकडच्या या इग्बो गावांवर अट्टाचा जुना वचक होता, आणि इथे कुणाला एझे म्हणायचं यात त्याचा शब्द चालायचा.

ही सरहद्दीची जागा लक्षात ठेवायला हवी. इग्बो मुलखाच्या ऐन मध्यात अहेबी राजा झाली असती असं मला वाटत नाही.

राजा नसलेल्या लोकांच्या पदव्या

‘इग्बो एन्वे एझे’, इग्बोंना राजा नसतो, ही म्हण वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. ती अर्धीच खरी. ओनित्शाला ओबी आहे, अरोचुक्वूला एझे अरो, न्रीला एझे न्री. यातला एझे न्री तर फौज न बाळगता मान मिळवणारा राजा. त्याची माणसं हातात काठी घेऊन दूरदूरच्या गावांत जायची, धरणीमातेविरुद्ध घडलेलं पाप धुऊन द्यायची, पदव्या द्यायची. पण बाकी बहुतेक गावांत एकट्याची सत्ता नव्हती. उमुन्ना म्हणजे भावकी. भावकीतली वडीलधारी माणसं बसून ठरवायची. न्सुक्का भागात सर्वांत वयस्क पुरुषाला ओनीशी म्हणतात आणि बैठकीत पहिला मान त्याचा. लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकी म्हणजे उमुआडा. या माहेरवाशिणी एकत्र जमून आल्या की भल्याभल्या भावांची बोबडी वळते.

आणि मग पदव्या. त्यातली सगळ्यांत मानाची ओझो. (मराठी कानाला ओझं ऐकू येईल, आणि पदवी घेणाऱ्याच्या खिशाला ते असायचंही.) ही पदवी बापाकडून वारशाने येत नाही आणि मुलाकडे जात नाही. ज्याला हवी त्याने ती आपल्या हिमतीवर घ्यायची. घरात याम या कंदाच्या राशी हव्यात, पैसा हवा, नाव स्वच्छ हवं. बऱ्याच गावांत बाप हयात असताना मुलाला ती घेता येत नसे. ती मिळवायला आधीच्या ओझोधारकांना ठरलेली रक्कम द्यायची, गावाला जेवू घालायचं, विधींचे दिवस पार पाडायचे. मग लाल टोपी, तिच्यात गरुडाचं पीस, घोट्याभोवती दोरा, हातात लोखंडी दंड आणि एक नवं नाव. त्या दिवसापासून बैठकीत शब्दाला वजन येतं. खोटं बोलायची मात्र मुभा राहत नाही. ओझोधारक खोटा ठरला तर नामुष्की त्याच्या एकट्याची नसते, टोपी घालणाऱ्या सगळ्यांची असते.

यातला हिशेब मला फार हुशारीचा वाटतो. आज भरलेली रक्कम आधीच्या मंडळींत वाटली जाते. उद्या कुणी नवा आला की त्याच्या रकमेत आपला वाटा. तरुणपणी सगळी पुंजी ओतायची आणि म्हातारपणी बसल्या जागी ती थोडी थोडी परत मिळवायची. गावातला पैसा एकाच घरात साठून राहत नाही, श्रीमंताला तो गावासमोर उधळावा लागतो आणि बदल्यात मान मिळतो. तो देणारेही आपलेच, शेजारचे, ज्यांनी त्याला लहानपणी शेंबडं पाहिलेलं आहे.

हे सगळं किती जुनं आहे याचा एक पुरावा न्रीजवळच्या इग्बो-उक्वू गावात जमिनीखाली निघाला. १९३८च्या सुमारास एकजण पाण्यासाठी टाकी खोदत होता, तेव्हा त्याला ब्राँझच्या वस्तू लागल्या. पुढे थर्स्टन शॉ यांनी १९५९पासून तिथे रीतसर उत्खनन केलं. एका खड्ड्यात कुणी बडा माणूस बसलेल्या स्थितीत पुरलेला होता, अंगावर दागिने, भोवती मानचिन्हं. सगळ्या उत्खननात मिळून दीड लाखाहून अधिक मणी निघाले. काळ साधारण नववं शतक. म्हणजे अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीही तिथे मान असा अंगावर घालून मिरवायची पद्धत होती.

बायकांना पदव्या नव्हत्या असंही नाही. ओनित्शात श्रीमंत बायका हस्तिदंताचे जाडजूड तोडे घालण्याचा मान विकत घेतात. न्नोबी गावात इडेमिली देवीशी जोडलेली एक्वे ही पदवी बायकांची होती. नायजरच्या पश्चिमेकडे काही गावांत ओमू असते, तिच्या शब्दावर बाजार चालतो. शिवाय पैसेवाल्या बाईला दुसऱ्या बाईशी लग्न लावून ‘नवरा’ होता येई. ती वधूमूल्य भरणार, आणि त्या बायकोला होणारी मुलं तिच्या घराची. तेव्हा अधिकार गाजवणारी बाई इग्बोंनी कधी पाहिलीच नव्हती असं म्हणता येत नाही. बायकांच्या वाटा होत्या, फक्त त्या ठरावीक ठिकाणी जाऊन थांबत. साधं कोलाचं फळ घ्या. पाहुणा आला की आधी कोला पुढे येतं. कोला आणणारा जीवन आणतो, असं म्हणायची रीत आहे. ते हातोहात फिरतं, त्यावर प्रार्थना होते, मग ते फोडून किती फाका निघाल्या ते पाहतात. चार निघाल्या तर उत्तम, कारण इग्बो आठवडा चार बाजारदिवसांचा. एके, ओरिए, आफो, न्क्वो. प्रार्थना इग्बोतच करायची, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही, असं हसत हसत सांगतात. पण हे कोला फोडणार पुरुष. बाई कितीही मोठी असली तरी खोलीत एखादा पोरगा असेल तर फळ त्याच्या हातात जातं.

पळून गेलेली मुलगी

अहेबीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कधीतरी झाला. बाप उग्बाबे आयीबी शेतकरी, शिवाय ताडमाडी काढणारा. आई अनेक्वू आमेह शेती करायची आणि बाजारात बसायची. लहानपणी काही काळ अहेबी आईच्या गावी, उनाडूला राहिली. परत उमुइडाला आली तेव्हा घराला उतरती कळा लागली होती. आजारपण हटेना, शेत पिकेना, व्यापार बसला. बापाने प्रश्न बघणाऱ्याकडे जाऊन विचारलं. उत्तर आलं की ओहे देवीचा कोप झाला आहे, बापाच्या हातून घडलेल्या अपराधामुळे. उपाय एकच, मुलगी देवीला द्यायची.

इग्बोत याला देवाशी सोयरीक करणं अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. मुलगी देवीला सोडणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. ती देवीची बायको होणार, देवळाच्या सेवेत राहणार, तिला मुलं झाली तर ती देवीची. अपराध बापाचा, फेड लेकीची.

अहेबी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. ती पळाली. सरहद्द ओलांडून इगालांच्या मुलखात गेली. तिथे देहविक्रय करून जगली. हे तिच्या गावचे लोकही लपवत नाहीत आणि चरित्रकारानेही लपवलेलं नाही. पण त्या वर्षांत तिने नुसतं पोट भरलं नाही. इगाला शिकली, नुपे शिकली, पिजिन इंग्रजी शिकली. तिच्या ओळखी पार अट्टापर्यंत पोहोचल्या, आणि नव्याने आलेल्या गोऱ्या अंमलदारांपर्यंतही. त्या काळी दोन्हीकडची भाषा येणारं माणूस म्हणजे खजिन्याची किल्ली. इंग्रज फौज एनुगु-एझिकेत शिरली तेव्हा वाट दाखवायला अहेबी होती.

गावाच्या बाजूने पाहा. वीसेक वर्षांपूर्वी देवीला चुकवून पळालेली पोर परत येते ती बंदूकवाल्या परक्यांना घेऊन. तिच्याबद्दलचा हा डंख पुढच्या प्रत्येक घटनेत जाणवत राहतो. सोंगाच्या भांडणात ‘बाई’ हा शब्द मोठ्याने बोलला गेला असेल, पण तेवढंच कारण होतं असं मानायला मी तयार नाही.

कागदाचा प्रमुख

इंग्रजांना प्रत्येक गावात एक माणूस हवा होता. त्याला हुकूम द्यायचा, त्याच्याकडून मजूर मागवायचे, त्याला न्यायालयात बसवायचं. उत्तर नायजेरियात अमीर होते, तिथे हे जमून गेलं. इग्बो मुलखात तसा माणूस नव्हता, म्हणून त्यांनी तो तयार केला. सनद द्यायची आणि म्हणायचं, आजपासून हा प्रमुख. हे वॉरंट चीफ. पुष्कळ गावांनी तर गोरा साहेब ‘तुमचा मोठा माणूस पुढे आणा’ म्हणाला तेव्हा खऱ्या वडीलधाऱ्यांना लपवलं आणि कुणातरी नगण्य माणसाला पुढे ढकललं. पकडून नेलं तर त्याला नेऊ दे, हा हिशेब. साहेबाने त्याच्याच हातात सनद ठेवली. ज्याने कधी ओझोसाठी एक कवडी भरली नव्हती तो आता ओझोधारकांवर हुकूम सोडू लागला.

अहेबीला आधी गावचं प्रमुखपण मिळालं, तेही तिथला नेमलेला पुरुष कुचकामी निघाला म्हणून. १९१८ मध्ये तिला वॉरंट मिळालं. वसाहतीच्या काळातल्या नायजेरियात वॉरंट चीफ झालेली ती एकमेव बाई. इंग्रजांच्या लेखी बाईने असल्या पदावर बसणं हेच मुळात विचित्र होतं. पण ती काम चोख करायची आणि भाषा जाणायची, तेवढ्यावर त्यांनी डोळेझाक केली.

तिला कागदावर समाधान नव्हतं. तिने जुनी इगाला ओळख बाहेर काढली आणि अट्टाच्या पाठबळाने ती एझे झाली. एनुगु-एझिकेतले सगळे पुरुष प्रमुख आता तिच्या खाली. तिने वाडा बांधला, बायका केल्या. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून पळालेल्या बायका तिच्या वाड्यात आसरा घ्यायच्या, कितीएक तिथेच राहून गेल्या. स्वतः एकदा पळून गेलेल्या बाईला दाराशी आलेली पळपुटी परत पाठवता येत नसावी.

इथवर वाचून तिला बायकांची कैवारी ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. हीच अहेबी सरकारसाठी शिरगणती करायची, आणि शिरगणतीच्या पाठोपाठ कर येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेठीला माणसं लावायची. आसऱ्याला आलेल्यांचे श्रमही तिच्याच वाड्यात आणि शेतात जिरत. तिचा कारभार म्हणजे वॉरंट चीफचाच कारभार, फक्त चालवणारी बाई.

याच सुमारास दक्षिणेला काय झालं ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. १९२९च्या नोव्हेंबरात ओलोको गावात वॉरंट चीफ ओकुगोचा माणूस मोजदाद करायला न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला. ती ताडतेल काढत होती. माणसं किती, शेळ्या किती, त्याने विचारलं. तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलंस का? झटापट झाली, ती तशीच उठून बायकांच्या बैठकीकडे गेली. ताडाची कोवळी पानं गावोगाव फिरली. पान पोहोचलं की निघायचं, एवढाच निरोप. हजारो बायका जमल्या, वॉरंट चीफच्या दारात रात्रभर गाणी म्हणत बसल्या, त्याच्या प्रमुखपणाची टोपी मागितली. ओकुगोची टोपी गेली आणि तो तुरुंगात गेला. ओवेरी आणि कॅलाबार प्रांतांत देशी न्यायालयांच्या इमारती पेटल्या. सैन्याने गोळ्या घातल्या, पन्नासहून जास्त बायका मेल्या. सरकारी कागदात त्याला ‘आबा दंगल’ म्हणतात, इग्बो बायका त्याला लढाई म्हणतात.

त्या वणव्याच्या वेळी ओनित्शा प्रांताच्या उत्तर टोकाला, वॉरंट हातात घेऊन, अहेबी बसलेली होती. बायकांनी ज्या खुर्च्या उलथल्या तसलीच एक खुर्ची एका बाईने पटकावली होती. या लढाईने वॉरंट चीफ ही व्यवस्थाच मोडली. १९३०च्या दशकात इंग्रजांनी मानववंशशास्त्रज्ञांना कामाला लावलं, गावोगाव ‘खरी रूढी’ शोधायला सुरुवात केली आणि भावकीतल्या अनेक वडीलधाऱ्यांना एकत्र बसवणारी न्यायालयं काढली. सनदेची किंमत उतरली. अहेबीचं एझेपण राहिलं, कारण ते इडाहहून आलेलं होतं.

सोंग

सोंग हा शब्द वापरतो आहे, पण तो तोकडा आहे. इग्बोत म्मान्वू म्हणतात. आपण पाहतो तेव्हा मुखवटा घातलेला माणूस दिसतो. तिथे असं म्हणायचं नाही. तो पूर्वज आहे, जमिनीतून वर आला आहे, वारुळाच्या भोकातून. त्याचा आवाज माणसाचा नसतो, बदललेला असतो. न्सुक्का भागातलं मोठं सोंग ओमाबे. ते दरवर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतराने येतं आणि आलं की मुक्काम करतं. मुलगा जाणता झाला की त्याला सोंगाच्या मंडळात घेतात, आत काय आहे ते दाखवतात, आणि तिथून तो पुरुषांत जमा होतो. बायकांनी हे जाणायचं नाही. आता हे बायकांना ठाऊक नसतं असं कुणी मानू नये. मुखवट्याआडच्या पायांवरून नवरा ओळखणाऱ्या बायका सगळ्या जगात असतात. पण ठाऊक आहे असं तोंडाने म्हणायचं नाही. गुपित कुणाला माहीत आहे यापेक्षा ते कुणाचं आहे, यावर सगळं उभं आहे.

अहेबीने सोंग काढलं. त्याला नाव दिलं एक्पे अहेबी. आपलं नाव पूर्वजाच्या अंगावर चढवलं.

वडीलधाऱ्यांनी ते अडवलं. आजवर त्यांनी काय काय गिळलं होतं ते आठवा. परक्यांना घेऊन आलेली बाई, सनदेवर बसलेली बाई, त्यांच्या डोक्यावर एझे झालेली बाई, शिरगणती, कर, वेठ. यातल्या एकाही गोष्टीला त्यांनी उघड नकार दिला नव्हता. सोंगाला दिला. भांडण वाढत इंग्रज रेसिडेंटपर्यंत, म्हणजे प्रांताच्या मुख्य अंमलदारापर्यंत, गेलं. अहेबीला वाटलं असावं की आपलंच सरकार, आपल्याच बाजूने बोलेल. सरकार वडीलधाऱ्यांच्या बाजूने बोललं. बाईचं सोंग चालणार नाही.

आता या निकालाकडे जरा निरखून पाहू. इग्बो रूढीत वॉरंट चीफ नव्हताच, बाई वॉरंट चीफ तर स्वप्नातही नाही. तिथे इंग्रजांना रूढी आठवली नाही, कारण त्यांना वाटाड्या हवा होता आणि करवसुली हवी होती. सोंगाच्या वेळी रूढी आठवली, कारण सोंगातून सरकारला काही मिळत नव्हतं आणि गाव मात्र पेटू शकत होतं. रूढी जपल्याचं पुण्य फुकटात पदरात पडत होतं. ज्यांनी तिला उभं केलं त्यांनीच तिला खाली उतरवलं, आणि त्यांच्या हिशेबात या दोन्हींत विसंगती काहीच नव्हती.

अहेबीने हे का केलं, याचं उत्तर सहसा एका शब्दात देतात: हाव. राजा झाली, तरी पोट भरलं नाही. मला ते पटत नाही. तिच्याकडे काय होतं ते मोजा. सनद गोऱ्या अंमलदाराची. राजेपण इडाहच्या अट्टाचं. भाषा परमुलखात शिकलेल्या, पैसा तिथेच सुरू झालेला. उमुइडाने तिला स्वतःहून एकही गोष्ट दिली नव्हती. दिली होती ती एकच, देवीची बायको होण्याची शिक्षा. ओझो घेणाऱ्याला शेजारी टोपी घालतात, म्हणून ती टोपी वाऱ्याने उडत नाही. अहेबीच्या डोक्यावर जे होतं ते सगळं बाहेरून आलेलं. सोंग एकच वस्तू अशी, जी गावच्या मातीतून वर येते. ते मिळालं असतं तर ती नेमलेली राहिली नसती, गावची झाली असती. तिला ते कळलं होतं, आणि माझ्या मते वडीलधाऱ्यांनाही कळलं होतं, म्हणून त्यांनी नेमकं तिथे पाय रोवले. एझे होण्यासाठी त्यांची सही लागली नव्हती. इथे लागत होती.

बाई असणं यात होतंच. सोंग पुरुषांचं, हा नियम तिच्याआधीचा आहे आणि कितीएक ठिकाणी आजही आहे. पण एखाद्या प्रिय, गावात रुजलेल्या म्हाताऱ्या बाईने असं काही केलं असतं तर वडीलधाऱ्यांनी कुठलीतरी पळवाट काढली असती का, हा प्रश्न मनातून जात नाही. इग्बो रूढीला पळवाटा चांगल्या येतात. बाई ‘नवरा’ होऊ शकते ती अशाच एका पळवाटेने. अहेबीसाठी पळवाट शोधावी असं कुणालाच वाटलं नाही.

जिवंतपणीचे दिवस

सोंगाच्या प्रकरणानंतर अहेबीची खात्री झाली की आपण मेल्यावर हे लोक आपलं नीट करणार नाहीत. इग्बोंत ही साधी भीती नव्हे. मृताला पुरलं की काम संपत नाही. त्यानंतर मोठा विधी असतो, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, ऐपत होईल तेव्हा. बंदुकीचे बार, ढोल, कापलेली जनावरं, गावजेवण. तो झाल्याशिवाय मेलेला माणूस पूर्वजांत जात नाही, मधल्यामध्ये भटकत राहतो आणि घरच्यांना पीडा देतो. पदवीधारकाचा विधी तर त्याच्या पदवीला साजेसा करावा लागतो. तो करायचा मुलांनी, भावकीने. अहेबीला स्वतःच्या पोटचं मूल नव्हतं. बायकांची मुलं तिच्या नावाने लागत होती, पण भावकीवर तिचा भरवसा नव्हता.

तेव्हा तिने आपला मृत्यूनंतरचा विधी हयातीतच, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या खर्चाने उरकून घेतला. राजाचा व्हावा तसा.

यात नुसती काळजी नव्हती, हिशेबही होता. आयुष्यभर दुसऱ्याने दिलेल्या गोष्टी दुसऱ्याने काढून घेताना तिने पाहिल्या होत्या. निदान हा एक मान कुणाच्या देण्यावर सोडायचा नाही, असं तिने ठरवलेलं दिसतं.

१९४८ मध्ये ती वारली. आणि गावाने तिला रूढीप्रमाणे, सगळं नीट करून पुरलं. ज्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता त्यांनीच. भीतीपोटी केलं असेल, एझेला तसंच पुरतात म्हणून केलं असेल, किंवा मेलेल्या माणसाशी भांडण कसलं, असं म्हणून केलं असेल. तिचा विधी दोनदा झाला.

एक्पे अहेबी पुन्हा निघालं नाही. उनाडूत, तिच्या आईच्या गावी, तिला देवी मानतात.